इलेक्ट्रिक पिकअप: भाव वाढलाय, आता घ्यावी का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मालवाहू इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत. गावं वेगळी, धंदे वेगळे, पण सगळ्यांची अडचण एकच आहे: मनात गाडी ठरली होती आणि तेवढ्यात भाव वाढला.

प्रश्न: माझं हडपसरला किराणा मालाचं वितरण आहे. रोज ७५ ते ८० किलोमीटर, ठरलेला रस्ता, महिन्याला २६ दिवस, ६०० ते ७०० किलो माल. जुना छोटा हत्ती काढायचा आहे. इलेक्ट्रिक गाडीचं कोटेशन दोन महिन्यांत ४० हजारांनी वाढून ऑन-रोड १० लाख ४० हजार झालं (एक्स-शोरूम ९ लाख ९७ हजार). त्याच मापाची डिझेल गाडी ऑन-रोड ६ लाख ८० हजारांना मिळते (एक्स-शोरूम ५ लाख ९० हजार). घ्यावी, थांबावं की डिझेलच बरी?

उत्तर: वाढलेल्या ४० हजारांकडे रुपयांत पाहू नका, ते किलोमीटरमध्ये मोजा. इलेक्ट्रिक गाडीसाठी दिलेले जादा पैसे फक्त चाकं फिरली तरच परत येतात.

आधी डिझेल. भरलेली गाडी शहरात लिटरला १६ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर किलोमीटरला ५ रुपये ६० पैसे लागतात. ऑइल, फिल्टर, क्लच मिळून साधारण ६० पैसे आणखी. एकूण ६ रुपये २० पैसे. आता इलेक्ट्रिक. या वर्गातली गाडी माल भरून किलोमीटरला साधारण ०.२ युनिट खाते. चार्जर आणि बॅटरीत दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर ०.२३ युनिट पडतं. सगळे आकार धरून युनिट साडेनऊ रुपयांना पडलं तर २ रुपये २० पैसे, देखभालीचे ३० पैसे, एकूण अडीच रुपये. फरक किलोमीटरला ३ रुपये ७० पैसे.

तुमच्या दोन कोटेशनमधला फरक ३ लाख ६० हजारांचा. ही रक्कम ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतली तर तिचा हप्ता सुमारे ७,८२५ रुपये. भागिले ३.७०, म्हणजे महिन्याला २,११५ किलोमीटर, दिवसाला ८१. त्यातला ४० हजारांच्या वाढीचा वाटा ८७० रुपये हप्ता, म्हणजे दिवसाला ९ किलोमीटर. भाव वाढण्याआधी तुम्हाला दिवसाला ७२ किलोमीटर पुरेसे होते, आता ८१ लागतात. तुम्ही ७५ ते ८० चालता, म्हणून ऐन काठावर आलात.

काठावर असलेल्याने पुढच्या तीन गोष्टी तपासल्याशिवाय सही करू नये.

पहिली, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू डिझेल, पेट्रोल, सीएनजी गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच आहे. तुमच्या कोटेशनमधली डिझेल गाडी जुन्या दराने ६ लाख ४० हजारांना पडली असती. म्हणजे इलेक्ट्रिक ४० हजारांनी महाग झाली, तशीच समोरची गाडी ५० हजारांनी खाली आली आहे, आणि ही दुसरी बाजू शोरूममध्ये सहसा कोणी काढत नाही. शिवाय तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर तुमच्या विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. डिझेल गाडीतले ९० हजार वजा होतील, इलेक्ट्रिकमधले साडेसत्तेचाळीस हजार. खरा फरक मग ३ लाख ६० हजार न राहता ४ लाखांच्या पुढे जातो आणि दिवसाला ९१ किलोमीटर लागतात. कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याच्या योजनेत) असाल तर क्रेडिट नाही, पहिलाच हिशोब धरा.

दुसरी, व्याज. बऱ्याच फायनान्स कंपन्या इलेक्ट्रिक मालवाहू गाडीला दीड-एक टक्का जास्त लावतात, कारण जुनी गाडी किती किमतीला जाईल याचा त्यांना अंदाज नसतो. साडेनऊ लाखांच्या कर्जावर ११ ऐवजी साडेबारा टक्के लागले तर हप्ता २०,६५५ वरून २१,३७० वर जातो. हे ७१५ रुपये महिना म्हणजे जवळजवळ त्या ४० हजारांच्या भाववाढीएवढंच ओझं. किमतीवर घासाघीस करताना व्याजाचा आकडा तसाच मान्य केला, तर कमावलेलं सगळं तिथे जातं. दोन बँका आणि एक फायनान्स कंपनी अशी तीन लेखी कोटेशनं घ्या. कर्जाची मुदत बॅटरीच्या वॉरंटीपेक्षा किमान दोन वर्षांनी कमी ठेवा. या वर्गात बॅटरीला सात वर्षांची वॉरंटी मिळते, तेव्हा पाच वर्षांचं कर्ज योग्य.

तिसरी, चार्जिंगची जागा. वरचा सगळा हिशोब स्वतःच्या मीटरवर रात्री चार्ज करण्याचा आहे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट १८ ते २२ रुपये आणि वर जीएसटी असेल, तर किलोमीटरला पाच-साडेपाच रुपये पडतात आणि डिझेलवरची बचत जवळपास संपते. रात्री गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर या गाडीचा विचार आज सोडून द्या, कितीही स्वस्त मिळाली तरी.

गोदामात मीटर असेल तर महावितरणकडे ईव्ही चार्जिंगच्या वर्गवारीत वेगळी जोडणी मागा. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो, त्यामुळे घरच्या मीटरवर भागवता येतं. पण तुमची गाडी महिन्याला ४८० युनिट खाणार आहे. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. घराचा वापर दीडशे असेल तर गाडीची बहुतेक वीज वरच्या, महाग टप्प्यांत मोजली जाते आणि साडेनऊचा आकडा कागदावरच राहतो.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. गाडीबरोबरचा पोर्टेबल चार्जर १६ अँपिअरच्या सॉकेटमधून १३-१४ अँपिअर सलग सात-आठ तास ओढतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, म्हणून त्याच्या पॉइंटला हा ताण कधी आलेला नसतो. नेहमी बिघडतं ते इथे: सॉकेटमधली पितळी पकड सैल होते, तापते, प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि एका रात्री पिन वितळून चिकटते. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा) आणि औद्योगिक पद्धतीचा सॉकेट, एवढं करून घ्या. अर्थिंग ५ ओहमच्या आत हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तीन-चार व्होल्ट दिसत असतील तर बरेच चार्जर मध्यरात्री बंद पडतात आणि सकाळी गाडी ४० टक्क्यांवर उभी सापडते. दोष गाडीचा नसतो, अर्थिंगच्या खड्ड्याचा असतो. मंजूर भार एक-दोन किलोवॅटचाच असेल तर आधी तो वाढवून घ्या.

आता पल्ला. पत्रकावर १५० ते १६० किलोमीटर छापलेले असतात, ते चाचणीतले. माल भरून, सिग्नलवर थांबत, उन्हाळ्यात १०० ते ११५ धरा. त्यातले शेवटचे १५ टक्के वापरायचे नाहीत, कारण तिथे गाडी स्वतःहून वेग कमी करते. राहिले ८५ ते ९५. तुमच्या ८० ला पुरतात. दुपारी माल भरताना दीड तास चार्जिंगला लावली तर वीसेक किलोमीटर वाढतात.

हे आमच्या सांगण्यावर घेऊ नका. विक्रेत्याकडून एक दिवस डेमो गाडी मागा. १०० टक्के चार्ज करून, तुमचाच माल भरून, तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याच चालकाला चालवू द्या. ७० किलोमीटरला ६२ टक्के गेले तर एका टक्क्याला १.१३ किलोमीटर, पूर्ण पल्ला ११३. रात्री सब-मीटर लावून चार्ज करा म्हणजे किलोमीटरला किती युनिट पडलं तेही कळेल. डेमो द्यायला तयार नसेल तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जा.

तुमच्या बाजूने काही गोष्टी आहेत. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे, तर साडेसात टनांच्या आतल्या इतर मालवाहू गाड्यांना १ जुलै २०२५ पासून एकरकमी ७ टक्के भरावे लागतात. तुमच्या डिझेल कोटेशनमध्ये ते चाळीसेक हजार धरलेले असायला हवेत, नसतील तर फरक आपोआप कमी होईल. इलेक्ट्रिक मालवाहूला परमिट लागत नाही, थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सवलत असते. टोलमाफीवर मात्र विसंबू नका. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची माफी कार आणि बससाठी आहे, मालवाहूसाठी नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही चारचाकी छोटी मालवाहू बसत नाही. तिथे तीनचाकी आहेत, मोठे ट्रक आहेत, मधली तुमची गाडी नाही.

आमचं मत: इनपुट क्रेडिट घेत नसाल, व्याज ११ च्या आसपास मिळालं आणि गोदामात वेगळं मीटर बसलं, तर घ्या. जीएसटी क्रेडिट घेत असाल तर आधी आणखी एक फेरी जोडता येते का पाहा. दिवसाला दहा-बारा किलोमीटरचं जादा भाडं मिळालं की गाडी परवडते. सीएनजीचाही विचार करत असाल तर एवढं लक्षात ठेवा: किलोला १९ किलोमीटर आणि ९० रुपये दर धरला, तर बचत किलोमीटरला २ रुपये ८५ पैशांवर येते. किमतीतला फरक तेवढाच राहिला तर दिवसाला १०५ किलोमीटर लागतील, आणि ते एका चार्जमध्ये बसत नाहीत.

प्रश्न: सासवडजवळ अंजीर आणि सीताफळाची बाग आहे. हंगामात रोज पहाटे गुलटेकडीला माल जातो, एक खेप, साधारण ५० क्रेट. दिवे घाट इलेक्ट्रिक गाडीला झेपेल का? आणि भाव वाढल्यावर तीन महिने थांबून फायदा आहे का?

उत्तर: घाटाची चिंता सोडा, तुमच्यासाठी तो फायद्याचाच आहे. जाताना गाडी भरलेली आणि उतार, येताना रिकामी आणि चढ. उतारावर मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत टाकते आणि ब्रेक जपले जातात. एकच काळजी घ्या. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागा नसते, मोटरचा रोध कमी होतो आणि भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. रात्री चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवा. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या रात्री, पूर्ण भरा म्हणजे सेलमधला समतोल राहतो.

५० क्रेट २० किलोंचे धरले तर माल एक टन होतो. ६०० किंवा ७५० किलो क्षमतेच्या गाडीत तो बसतो, पण बसतो म्हणून भरू नका. जादा वजनाने पाटे बसतात ते दिसतं. कंट्रोलर तापून चढावर ताकद तोडतो ते घाटात गेल्यावर कळतं, आणि वॉरंटीच्या दाव्यात गाडीने नोंदवलेली माहिती तुमच्या विरोधात उभी राहते. तुम्हाला एक टनवालीच लागेल, आणि ती महाग.

खरी अडचण महिन्यांची आहे. सासवड ते मार्केट यार्ड जाऊन-येऊन साठ किलोमीटर. हंगामाचे पाच महिने भर चालली तरी महिन्याला १,५०० किलोमीटर, बाकी सात महिने ४०० धरा. वर्षाची सरासरी साडेआठशे. वरच्या हिशोबाने महिन्याला ३,२०० रुपये वाचतील आणि जादा हप्ता आठ हजारांच्या घरात असेल. भाव वाढला नसता तरी ही गाडी तुम्हाला परवडली नसती. तीन महिने थांबून हे बदलणार नाही.

शेतीपंपाच्या जोडणीवर चार्ज करायचा विचार असेल तर तो काढून टाका. त्या दराची वीज गाडीला वापरता येत नाही, आणि कृषी फीडर पाळीने आठ तास, कधी दिवसा कधी रात्री. त्यात व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की बहुतेक चार्जर थांबतात.

एक मार्ग आहे. शेजारच्या तीन-चार बागायतदारांनी मिळून एकच गाडी घेतली आणि हंगाम पुढे-मागे असल्यामुळे ती वर्षभर रोज गेली, येताना खतं-औषधं किंवा किराणा घेऊन आली, तर महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज होतात. गाडी मालवाहतुकीची म्हणूनच पासिंग करा, हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली. आणि कोणाच्या रात्री कोणाकडे चार्जिंग, विजेचे पैसे कसे वाटायचे, हे गाडी यायच्या आधी कागदावर लिहा.

प्रश्न: मी एडिसन, न्यू जर्सीला असतो. केटरिंगचा व्यवसाय आहे, रोज साठेक मैल. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग घ्यायची इच्छा २०२२ पासून आहे. भाव चढत गेला म्हणून थांबलो. आता टॅक्स क्रेडिटही गेलं. शोरूममध्ये राहिलेली नवी घ्यावी की जुनी?

उत्तर: थांबलात ते चांगलं झालं. २०२१ मध्ये सर्वात साधी लाइटनिंग प्रो ३९,९७४ डॉलरला जाहीर झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ४६,९७४, ऑक्टोबरमध्ये ५१,९७४, डिसेंबरमध्ये ५५,९७४ आणि मार्च २०२३ मध्ये ५९,९७४. मग जुलै २०२३ मध्ये कंपनीने ती ४९,९९५ वर आणली. शिखरावर घेतलेल्यांच्या गाडीचं मोल एका जाहीर पत्रकाने उतरलं. ७,५०० डॉलरचं क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाडीला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने सध्याच्या पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंगचं उत्पादन थांबवल्याचं आणि पुढची पिढी पेट्रोल जनरेटर जोडलेली असेल असं जाहीर केलं.

तुमचा हिशोब. वर्षाला ३०० दिवस धरून १८,००० मैल. लाइटनिंग भिंतीतल्या एका युनिटला साधारण दोन मैल देते, म्हणजे ९,००० युनिट. तुमच्या बिलात सगळं धरून दर २२ सेंट असेल तर १,९८० डॉलर. गॅलनला २० मैल देणाऱ्या पेट्रोल एफ-१५० ला ९०० गॅलन, ३ डॉलर १० सेंट दराने २,७९०. वाचले ८१० डॉलर, ऑइल बदलण्याचे दोन-तीनशे धरून हजार-अकराशे. त्यातून न्यू जर्सीचं इलेक्ट्रिक गाडीचं जादा वार्षिक शुल्क जातं. ते जुलै २०२४ पासून आहे, २५० डॉलरपासून सुरू होऊन दरवर्षी १० ने वाढतं. नवी गाडी असेल तर चार वर्षांचं आगाऊ घेतात. विक्रीकरातली माफीही १ जुलै २०२५ पासून संपली, पूर्ण ६.६२५ टक्के लागतात. वर्षाला आठशे डॉलर वाचणार असतील, तर पेट्रोल गाडीपेक्षा चार-साडेचार हजारांहून जास्त किंमत मोजण्यात पाच वर्षांत अर्थ निघत नाही. नव्या गाडीत हा फरक साधणं अवघड, तीन वर्षं जुन्या गाडीत सहज साधतो.

म्हणून जुनी बघा. बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी आहे आणि ती गाडीबरोबर येते. वर्षाला १८ हजार मैल चालणाऱ्याने ४० हजार मैलांच्या आतली घ्यावी, म्हणजे तीन वर्षं तरी छत्र राहतं. मोठ्या बॅटरीची, १३१ युनिटांची, तुम्हाला गरज नाही. ९८ ची ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या) मोजमापात २३० ते २४० मैल देते. जानेवारीत त्यातले तीसेक टक्के वजा करा, तरी साठ मैलांच्या दिवसाला भरपूर. ट्रेलर ओढणार असाल तर पल्ला निम्म्यावर येतो, तेव्हा मात्र मोठी घ्या.

बघायला जाताना गाडी १०० टक्के चार्ज करून ठेवायला सांगा आणि दाखवलेल्या पल्ल्याबरोबरच विक्रेत्याकडून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल घ्या. १२ व्होल्टची बॅटरी तपासा, ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडत नाही. प्रो पॉवरचे, म्हणजे गाडीच्या बॅटरीतून बाहेर वीज देणारे, प्लग चालू करून त्यावर तुमचा वॉर्मर लावून पाहा. ९.६ किलोवॅटवाली मिळाली तर केटरिंगला जनरेटर नेण्याची गरजच उरत नाही, आणि या एका सोयीसाठी थोडे जास्त डॉलर मोजले तरी आमची हरकत नाही. गाडीचा निम्म्याहून अधिक वापर धंद्यासाठी असेल तर पहिल्याच वर्षी मोठा घसारा घेता येतो, जुन्या गाडीवरही. करसल्लागाराला खरेदीआधी विचारा, मैलांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

प्रश्न: इचलकरंजीत इलेक्ट्रिक पिकअप बुक केली, २१ हजार भरले. गाडी यायच्या आधीच विक्रेता म्हणतो, भाव वाढला, फरक भरा. भरावाच लागेल का?

उत्तर: बुकिंग फॉर्मची मागची बाजू वाचा. ‘डिलिव्हरीच्या दिवशी असलेली किंमत लागू’ असं छापलेलं असेल, आणि बहुधा असतंच, तर तुमची बाजू लंगडी आहे. तरी मागणं सोडू नका. अमेरिकेत रिव्हियन कंपनीने १ मार्च २०२२ रोजी आर-वन-टी पिकअपचे भाव वाढवले आणि ते आधी नोंदणी केलेल्यांनाही लावले. ग्राहकांनी धडाधड नोंदण्या रद्द केल्या, तेव्हा दोन दिवसांत कंपनीने माफी मागून जुन्या नोंदणीला जुनी किंमत कायम केली. तुमच्या तालुक्यात तुम्ही एकटे असाल, पण त्याच महिन्यात बुकिंग केलेले चार जण शोधून एकत्र गेलात तर ऐकून घ्यावं लागतं.

विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: तुमच्या गाडीचा चॅसिस नंबर, ती कारखान्यातून त्याच्याकडे बिल झाल्याची तारीख आणि नव्या किमतीचं कंपनीचं पत्रक कधीपासून लागू आहे ती तारीख. गाडी जुन्या दराने त्याच्याकडे आली असेल तर वाढीचे पैसे त्याच्या खिशात जात आहेत, आणि तिथे तडजोड होते. नाहीच ऐकलं तर रोख सवलतीऐवजी भिंतीवरचा चार्जर, पहिल्या दोन वर्षांची सर्व्हिसिंग किंवा विम्यातली घट मागा. विमा त्याच्याकडूनच घेण्याची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन पुढे ठेवलं की चार-पाच हजार तिथेच सुटतात.

बुकिंग रद्द करायचं ठरलं तर अर्ज ईमेलने द्या, पावतीचा फोटो जोडा, पैसे कोणत्या खात्यात आणि किती दिवसांत ते त्यातच विचारा. तोंडी ‘परत देतो’ यावर गाडी दुसऱ्याच्या नावावर होऊ देऊ नका.